परवानगीवांचून आलेले पाहुणे

दिवाळी सरली म्हणजे श्रीपूरच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि गाड्यांमागोमाग बीडकडील ऊसतोड मजुरांचीं बिऱ्हाडें येतात. पांच-सहा महिने कोपींत राहून, गळीत हंगाम संपला कीं तीं आपल्या गांवीं परततात. घरापासून दूर काढलेले पांच-सहा महिने म्हणजे काय, हें आमच्या विद्यार्थ्यांस पुस्तकांतून शिकविण्याचें कारण नाहीं. त्यांच्या वर्गांत अशीं मुलें अधूनमधून येऊन बसतात.

परदेशीं कांहीं महिने जाऊन ख्रिस्ती सेवाकार्य करणाऱ्या तरुण स्वयंसेवकांची हकीकत अलीकडे मुलांच्या कानीं येते. कोणी आफ्रिकेत शाळेंत शिकवितो, कोणी रुग्णालयांत हातभार लावितो, आणि विमानानें परत येतो. ती ऐकून मुलें विचारतात व पालकही विचारतात, "परमुलखांत चार महिन्यांत मनुष्य करणार तरी काय?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठीं आम्ही वाचकांस दोनशें वर्षें मागें नेऊं इच्छितों, कारण ज्या अमेरिकन मिशननें पुढें अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) व सोलापूर ह्या भागांत शाळा काढल्या, त्याचा आरंभच अशा कांहीं विलक्षण महिन्यांनीं झालेला आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत विल्यम्स नांवाचें एक कॉलेज आहे. 1806 सालीं तेथील पांच विद्यार्थी प्रार्थनेसाठीं माळावर जमले असतां वादळ आलें व त्यांनीं गवताच्या गंजीच्या आडोशास बसून प्रार्थना केली. परदेशीं जाऊन सुवार्ता सांगावी हा विचार तेथें प्रथम निघाला. त्याच कॉलेजांत शिकलेला गॉर्डन हॉल हा ह्या मंडळींत सामील झाला. 1810 सालीं त्यांच्याच आग्रहावरून परदेशीं मिशनरी पाठविणारें अमेरिकन बोर्ड स्थापन झालें. हॉल ह्यास एका सुखवस्तु मंडळीनें आपला पाळक होण्याविषयीं बोलाविलें होतें. घरदार, वेतन, मान सर्व कांहीं समोर असतां त्यानें नकार दिला, व फिलाडेल्फियास जाऊन थोडें वैद्यक शिकून घेतलें. हें वैद्यक वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

6 फेब्रुवारी 1812 रोजीं सेलम येथें पांच तरुणांस दीक्षा देण्यांत आली. जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि राइस हीं त्यांचीं नांवें. हॉल सत्तावीस वर्षांचा होता, नॉट तेवीस वर्षांचा. न्यूएलची पत्नी हॅरिएट अवघी अठरा वर्षांची होती. तिचे वडील वारले होते. परदेशीं जाण्याविषयीं विधवा आईची संमति मागावयाची होती, आणि आईनें ती दिली. आमच्या मतें त्या वर्षीं सर्वांत मोठें दान कोणी दिलें असेल तर ते त्या माउलीनें. तिला ठाऊक होतें कीं जहाज एकदां सुटलें म्हणजे लेकीचें पहिलें पत्र हातीं येण्यास वर्ष लागेल.

फेब्रुवारींतच दोन जहाजें निघालीं. सेलमहून सुटलेलें 'कॅरॅव्हन' 17 जून रोजीं कलकत्त्यास पोंचलें. हॉल, नॉट, त्याची पत्नी रोक्साना व राइस ह्यांस घेऊन फिलाडेल्फियाहून निघालेलें 'हार्मनी' 8 ऑगस्ट रोजीं पोंचलें. आज हाच प्रवास एका दिवसांत होतो. परंतु प्रवास लांबला म्हणून त्यांचें काम अडलें नाहीं, अडलें तें किनाऱ्याला लागल्यावर.

त्या वेळीं हिंदुस्थानांत कंपनी सरकारच्या परवान्यावांचून कोणाही परकीयास राहतां येत नसे, आणि मिशनऱ्यांस परवाना देण्यास कंपनी नाखूष होती. धर्माच्या गोष्टी काढल्या तर प्रजा बिथरेल व व्यापारास धक्का बसेल हें तिचें भय. त्यांत 18 जून 1812 रोजीं, म्हणजे 'कॅरॅव्हन' कलकत्त्यास पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं, अमेरिकेनें इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलें. बातमी पोंचण्यास महिने लागले. परंतु ती आल्यावर हे अमेरिकन तरुण म्हणजे शत्रूच्या देशाचे लोक ठरले. हुकूम झाला कीं त्यांनीं देश सोडावा.

मंडळी पांगली. न्यूएल व हॅरिएट मॉरिशस बेटाकडे निघालीं. वाटेंत समुद्रावरच हॅरिएटला मुलगी झाली व कांहीं दिवसांतच गेली. 30 नोव्हेंबर 1812 रोजीं मॉरिशस येथें हॅरिएटही वारली. घर सोडल्यापासून नऊ महिने झाले होते, वय एकोणीस. शाळा काढली नाहीं, कोणास शिकविलें नाहीं, ज्या लोकांकरितां आली त्यांची भाषाही शिकली नाहीं. पुढें तिचें चरित्र व दैनंदिनी अमेरिकेंत घरोघर वाचली गेली व तिचें नांव ऐकून अनेक मुली ह्या कामाकडे वळल्या, ही गोष्ट खरी. तथापि तेवढ्यानें त्या आईचें दुःख फिटलें असेल असें आम्हांस म्हणवत नाहीं.

जडसन व राइस ह्यांचीं मतें बदलून ते बॅप्टिस्ट झाले; त्यांची वाट निराळी झाली. राहिले हॉल व नॉट. बंगालच्या अधिकाऱ्यांचा हात पुढें पडण्यापूर्वीं त्यांनीं मुंबईस जाणाऱ्या जहाजाचा परवाना मिळविला, व 11 फेब्रुवारी 1813 रोजीं ते मुंबईस उतरले. घर सोडून एक वर्ष झालें होतें. येथेंही गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन ह्यांस कलकत्त्याहून लिहून आलें कीं ह्यांना इंग्लंडास रवाना करा. नेपियन स्वतः धर्मशील व सौम्य गृहस्थ. ते शक्य तितका विलंब करीत राहिले. ह्या विलंबाच्या महिन्यांत दोघांनीं काय केलें? मराठीचा पंडित ठेवला आणि अभ्यासास बसले.

हें वाचण्यास सोपें वाटतें. मोल्सवर्थचा प्रसिद्ध कोश 1831 सालीं निघाला. तो अद्याप अठरा वर्षें दूर होता. श्रीरामपूर येथें विल्यम कॅरी ह्यांनीं 1805 सालीं मराठीचें व्याकरण व 1810 सालीं मोडी अक्षरांत छापलेला एक लहानसा कोश प्रसिद्ध केला होता, एवढीच पुंजी. आमच्या मुलांस जें तोंडांत घांस असतांना बोलतां येतें तें परक्यास किती अवघड! 'तो वाडा, ती झोपडी, तें घर' असें कां, ह्याचें उत्तर पंडितापाशीं नसतें. 'चार' मधला च निराळा आणि 'चाक' मधला निराळा, अक्षर मात्र एकच. 'ळ' तर इंग्रजी जिभेवर बसतच नाहीं.

परंतु सर्वांत बारीक मेख 'आम्ही' आणि 'आपण' ह्या दोन शब्दांत आहे. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द. मराठींत 'आम्ही' म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलें कीं तो आंत येतो. दारीं आलेला परका मनुष्य 'आम्ही देवाचीं लेंकरें' असें बोलला तर त्याचा अर्थ एक होतो, 'आपण' म्हणाला तर अगदी निराळा. व्याकरणाचा हा नियम पांच मिनिटांत पाठ होतो. तो जिभेवर यावयास मात्र लोकांच्या ओटीवर बसावें लागतें. ज्या मिशनऱ्यास तो साधला नाहीं त्याचें व्याख्यान शुद्ध असूनही लोकांस उपरें वाटलें, आणि आमच्या आजच्या स्वयंसेवकांचीही पहिली परीक्षा हीच आहे.

इकडे सरकारी पत्रांचा तगादा चालूच होता. 1813 च्या अखेरीस, आतां आपणांस इंग्लंडास पाठवणार असें दिसतांच, दोघे गुपचूप एका किनाऱ्याच्या गलबतांतून सिलोनच्या उद्देशानें दक्षिणेस निसटले. कोचीनपर्यंत पोंचतात तोंच त्यांस परत आणण्यांत आलें. हें कृत्य योग्य कीं अयोग्य, ह्याविषयीं त्या काळींही वाद झाला. सरकारचा हुकूम मोडला, आणि गव्हर्नरनें दाखविलेल्या विश्वासास बाध आणला. आमच्या मतें हा दोष लपविण्यासारखा नाहीं. आज कोणत्याही देशांत परकीयास व्हिसा लागतो, आणि तो ज्या कामासाठीं दिला त्याच कामापुरता असतो. सेवेचा हेतु चांगला म्हणून नियम शिथिल होत नाहीं, हें आजच्या तरुणांनीं निघण्यापूर्वींच समजून घ्यावें.

डिसेंबरांत जहाज तयार झालें, निघण्याचा दिवसही ठरला. तेव्हां हॉल ह्यानें नेपियन ह्यांस पत्र लिहून शेवटची विनवणी केली. पाठवणी लांबणीवर पडली ती कायमचीच. त्याच वर्षीं इंग्लंडांत पार्लमेंटनें कंपनीची नवी सनद मंजूर केली होती व तींत मिशनऱ्यांस येण्याची वाट मोकळी झाली होती. (आपल्या मुलांनीं इतिहासांत वाचलेलें, शिक्षणाकडे दरसाल एक लाख रुपये लावावे हें कलम, ह्याच सनदेंतलें.) पुढें लंडनच्या डायरेक्टरांकडूनही अनुकूल उत्तर आलें. नॉट प्रकृति बिघडल्यामुळें 1815 सालीं परत गेला. हॉल राहिला.

राहून त्यानें केलें काय, तर बाजारांत, देवळांपाशीं, लोकांच्या ओट्यांवर मराठींत बोलत फिरला. ऐकणारे पुष्कळ, वाद घालणारेही पुष्कळ, ख्रिस्ती होणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. आपल्या लोकांच्या धर्माविषयीं त्या पिढीच्या मिशनऱ्यांनीं लिहिलेले पुष्कळ शब्द आज वाचतांना आम्हांस कठोर वाटतात, आणि 'आम्ही-आपण' चा भेद त्यांसही पुरता साधला नव्हता असें म्हणावें लागतें. परंतु शाळा वाढल्या. 1817 सालीं मिशनचा मराठी छापखाना सुरू झाला. 1824 सालीं मुंबईंत मुलींची शाळा निघाली. तिचें काम पाहण्यास 1827 च्या अखेरीस सिंथिया फेरार ही अविवाहित शिक्षिका आली व पुढें अहमदनगरास गेली. तेथील तिच्या मुलींच्या शाळा पाहूनच जोतीराव फुले ह्यांच्या मनानें मुलींच्या शिक्षणाचा ध्यास घेतला, हें प्रसिद्ध आहे.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती आमच्या शेजारच्या कोल्हापूरची आहे. तेथील मिशनरी रॉयल वाइल्डर ह्यांस 1863 सालीं कोल्हापुरांत एक मुलगा झाला, रॉबर्ट. त्याचें बालपण मराठी मुलखांत गेलें. मोठेपणीं अमेरिकेंत शिकत असतां 1886 च्या उन्हाळ्यांत मौंट हर्मन येथें विद्यार्थ्यांचें एक संमेलन भरलें. दोनशें एकावन्न विद्यार्थी होते. रॉबर्टच्या खटपटीनें त्यांतील शंभरांनीं परदेशीं जाण्याची तयारी लिहून दिली, आणि त्यांतून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ जन्मली. त्या शंभरांत जॉन मॉट होते, ज्यांस 1946 सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढील साठ वर्षांत ह्या चळवळींतून वीस हजारांवर तरुण-तरुणी परदेशीं गेलीं. 'स्वयंसेवक' ह्या शब्दास ख्रिस्ती मिशनच्या कामांत जो अर्थ आला तो मुख्यतः येथून. रॉबर्टची बहीण ग्रेस हिनेंही त्या दिवसांत त्याच्याबरोबर प्रार्थना केली होती, आणि ती स्वतः 1887 सालीं कोल्हापुरास परत आली. अमेरिकेंतल्या शंभर विद्यार्थ्यांस ज्यानें उठविलें त्याचे कान पंचगंगेच्या कांठीं तयार झाले होते, ह्याचा आम्हांस थोडा अभिमान वाटला तर वाचक क्षमा करतील.

हॉलची हकीकत मात्र पुरी करावयाची राहिली. 1816 सालीं मुंबईतच त्याचें मार्गारेट लुइस हिच्याशीं लग्न झालें होतें. 1825 सालीं मुलांच्या प्रकृतीसाठीं तिनें दोन मुलांना घेऊन अमेरिकेस जावें व हॉलनें कामावर राहावें असें ठरलें. वडील मुलगा वाटेंत समुद्रावरच गेला. मार्च 1826 मध्यें हॉल दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन मुंबईहून चांदवड-नाशिकाकडे निघाला. नाशिकास पोंचला तों पटकीनें थैमान मांडलें होतें. रोज माणसें मरत होतीं. फिलाडेल्फियास शिकलेलें तें थोडेंसें वैद्यक येथें उपयोगास आलें. जवळचीं औषधें त्यानें बहुतेक सर्व वाटून टाकलीं, व साठा संपत आल्यावर परतीची वाट धरली. वाटेंत रात्रीच्या मुक्कामास एका देवळाच्या ओवरींत तो निजला, आणि तेथेंच त्यालाही पटकीनें गांठलें. थोडीं औषधें शिल्लक होतीं तीं गुणास आलीं नाहींत. 20 मार्च 1826 रोजीं, आठ तासांच्या आजारानें, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं तो वारला. पेटी नव्हती, बरोबरच्या मुलांनीं कापडांत गुंडाळून त्यास पुरलें.

त्याच वर्षीं मिशनचा मराठी नवा करार छापून पुरा झाला. मार्गारेट अमेरिकेंत धाकट्या मुलासह पतीच्या पत्रांची वाट पाहत होती. मुंबईहून पत्र जाण्यास त्या काळीं चार-पांच महिने लागत. म्हणजे ती बातमी कळेपर्यंत, मेलेल्या मनुष्यास ती बहुधा पत्रें लिहीतच राहिली असावी. धाकटा मुलगा वांचला. त्याचेंही नांव गॉर्डन हॉलच होतें, आणि मोठेपणीं तो मॅसॅच्युसेट्समध्यें पाळक झाला.