पीस लिलीला घरी आणल्यावर फुलं का येत नाहीत? 'सावलीत वाढतं' याचा खरा अर्थ काय?

'घरात ऊन येत नाही, पण फुलझाड हवंय.' नर्सरीत जाऊन असं सांगितलं की बऱ्याचदा एकच कुंडी पुढे सरकवली जाते, पीस लिलीची. गडद हिरवी चकचकीत पानं आणि त्यातून वर आलेली पांढरीशुभ्र फुलं. घरी आणल्यावर महिनाभर सगळं छान असतं. मग फुलं हिरवट पडतात, सुकतात आणि पुढे वर्ष उलटलं तरी नवी कळी दिसत नाही.

अशा वेळी दोष नर्सरीवाल्याला दिला जातो, नाहीतर खताला. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. कुंडी जिथे ठेवली आहे, तिथे पुरेसा उजेड नसतो.

ही लिली नाहीच

नावात लिली असली तरी हे झाड अळू आणि सुरणाच्या कुळातलं आहे. ते मूळचं मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण, दमट जंगलांमधलं. तिथे उंच झाडांखाली, पानांमधून गाळून येणाऱ्या उजेडात ते वाढतं.

आपण ज्याला पांढरी पाकळी म्हणतो, ते खरं तर रंग बदललेलं पान असतं. खरी फुलं म्हणजे मधल्या दांड्यावरचे बारीक दाणे. अळूचं फूल पाहिलं असेल तर हे साम्य लगेच लक्षात येईल.

नर्सरीत फूल, घरी का नाही?

पीस लिलीची व्यावसायिक लागवड करणारे उत्पादक अनेकदा झाडांवर जिबरेलिक ॲसिड फवारतात. या संप्रेरकामुळे सगळ्या कुंड्यांना एकाच सुमारास फुलं येतात आणि माल विकायला तयार होतो. त्यामुळे विकत घेताना दिसलेली फुलं म्हणजे 'हे झाड कुठेही फुलतं' याची खात्री नव्हे. घरी त्याला स्वतःच्या बळावर फुलायचं असतं आणि ते बळ उजेडातून येतं.

सावली म्हणजे नेमकी किती?

एक सोपी चाचणी आहे. दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा.

- सावली ठळक, काळी पडली तर तिथे थेट ऊन आहे. पानं करपतील.
- पुसट पण ओळखू येईल अशी पडली तर जागा योग्य आहे.
- सावली पडलीच नाही तर झाड जगेल, पण फुलण्याची आशा कमी.

उत्तरेच्या खिडकीला लागून किंवा पूर्वेच्या खिडकीत कोवळ्या उन्हाजवळ ही कुंडी छान राहते. पश्चिमेची खिडकी असेल तर मध्ये पातळ पडदा हवा. टीव्हीशेजारचा कोपरा किंवा पॅसेज दिसायला चांगला वाटतो, पण झाडासाठी तो अंधारच.

पाणी दिवस मोजून नको, माती बघून घाला

कुंडीतली पीस लिली दगावते ती बऱ्याचदा जास्त पाण्याने. मातीत बोटाचं एक पेर घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या आणि खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.

तहान लागली की हे झाड पानं खाली सोडतं आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत पुन्हा उभं राहतं. पण मुळं कुजली तरी ते असंच मान टाकतं. म्हणून पानं लोंबताना दिसली की आधी माती तपासा. ती ओली असेल तर आणखी पाणी घालू नका. झाड बाहेर काढा, काळी पडलेली मऊ मुळं कापा आणि नव्या मातीत लावा. पावसाळ्यात कुंडी सुकायला वेळ लागतो, तेव्हा विशेष लक्ष द्या.

पानांची टोकं तपकिरी होत असतील तर पाण्यातले क्षार, जास्त खत किंवा एसीची कोरडी हवा ही कारणं असू शकतात. बोअरवेलचं जड पाणी टाळा. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम.

माती आणि कुंडी

माती भुसभुशीत हवी. बागेची माती, कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा यांचं मिश्रण चालतं. मुळं कुंडीत दाटली की साधारण दीड-दोन वर्षांनी थोड्याच मोठ्या कुंडीत हलवा. त्याच वेळी मुळांसकट फुटवे वेगळे करून नवी रोपंही करता येतात. सुकलेलं फूल दांड्यासकट बुडातून कापा.

'नासाने सांगितलंय, हवा शुद्ध होते'

हा मेसेज अनेकांना आला असेल. नासाचा १९८९ चा अहवाल खरा आहे आणि त्यात पीस लिलीचाही समावेश होता. पण ते प्रयोग छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये झाले होते. आपल्या खोलीत दारं-खिडक्यांमधून हवा सतत बदलत असते.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. घरातल्या हवेच्या नेहमीच्या खेळत्या प्रवाहाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशोब होता. म्हणजे १०० चौरस फुटांच्या खोलीत किमान नव्वदेक कुंड्या! त्यापेक्षा खिडकी उघडणं सोपं.

घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर?

कच्चा अळू खाल्ल्यावर घसा खवखवतो, त्याला कारण असतात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. तेच पीस लिलीतही असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होऊ शकते. त्रास वाटला तर डॉक्टरांना किंवा पशुवैद्यांना दाखवा.

मात्र, गुच्छांमध्ये येणारी खरी लिली मांजरांसाठी याहून कितीतरी घातक आहे. तिने मांजराची किडनी निकामी होऊ शकते. पीस लिलीमुळे तसं होत नाही, तरी कुंडी उंचावर ठेवलेली बरी.

तेव्हा तुमच्या पीस लिलीला वर्षभर फूल आलं नसेल, तर खत आणायला पळू नका. आधी कुंडी उचलून खिडकीजवळ ठेवा आणि काही महिने वाट बघा.