काठीवरचा इन्फ्रारेड सेन्सर

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. मी पांढऱ्या काठीवर अंतर मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर बसवणाऱ्या गटाकडे गेलो. दगड, पायरी, खड्डा हे काठी टेकवताच कळतं. उभ्या टेम्पोचा खाली सोडलेला फाळका मात्र काठीला चुकवून थेट छातीवर आदळतो. त्याची सूचना या सेन्सरने द्यायची आहे.

कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत तीन किरणांची लेझर काठी निघाली होती. आयआयटी दिल्लीत विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून वाढलेली 'स्मार्टकेन' २०१४ साली बाजारात आली, पण तिने अल्ट्रासाउंडची वाट धरली.

या मुलांनी घेतलेला शार्प कंपनीचा सेन्सर काडेपेटीपेक्षाही अरुंद आहे. तो कोनावरून अंतर ओळखतो. एका भिंगातून किरण बाहेर पडतो, वस्तूवर आपटून दुसऱ्या भिंगातून आतल्या पट्टीवर पडतो. वस्तू पुढे-मागे झाली की पट्टीवरचा ठिपका सरकतो. त्यामुळे शर्ट काळा असो की पांढरा, आकडा फारसा बदलत नाही. इतक्या स्वस्त वस्तूत इतकी सुंदर भूमिती पाहून मी थक्क झालो.

गटातली एक मुलगी फरशीवर टेप पसरून पुठ्ठा सरकवत होती आणि मल्टिमीटरचे आकडे वहीत उतरवत होती. ८० सेंटिमीटरवर सुमारे ०.४ व्होल्ट, १० वर सुमारे २.३. पुठ्ठा त्याहून बराच जवळ आणला की व्होल्टेज पुन्हा उतरू लागतं. म्हणजे अगदी पुढ्यातली वस्तू सेन्सरला लांब वाटते! तिने सेन्सर मुठीच्या बाजूला मागे सरकवला, म्हणजे कुठलीच वस्तू त्या फसव्या टप्प्यात येणार नाही. पण जितका तो मागे जातो, तितका पुढचा पल्ला घटतो.

आणि पल्ला मुळातच तोकडा. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या माणसाला ८० सेंटिमीटर म्हणजे सेकंदाहूनही कमी अवधी. तेवढ्यात सूचना देणारी मोटर थरथरायची, हाताला कळायचं आणि पाय थांबायचे. १५० सेंटिमीटरपर्यंत पाहणारा सेन्सर मिळतो, पण तो २० च्या आतच फसू लागतो. शिवाय भर उन्हात सूर्याचाच इन्फ्रारेड प्रकाश आकडे बिघडवतो. काचेच्या दारातून किरण आरपार जातो. सेन्सर झटक्याझटक्याने करंट ओढतो, म्हणून कपॅसिटर लावला नाही तर आकडे नाचतात. लॅबमध्ये ट्यूबलाइटखाली जमलेलं सारं रस्त्यावर नव्याने जमवावं लागतं.

या उणिवांमुळे प्रोजेक्ट सोडू नये, असंच मला वाटतं. मोजमापाची शिस्त मुलं इथेच शिकतात. पण काठी रोज वापरणाऱ्या व्यक्तीला शेवटच्या सादरीकरणाला बोलावण्याऐवजी पहिल्याच दिवशी बोलवा. सेन्सर कुठे बसवायचा, किती थरथर पुरे, कुठली सूचना नकोच, हे त्यांनी ठरवावं. कॉलेजांनी गुण देताना आधी एवढंच विचारावं: ही काठी घेऊन रस्त्यावर कोण चाललं?