सिप्ला म्हणजे काय?

खालापूर तालुक्यातल्या पाताळगंगा एमआयडीसीत सिप्लाचा कारखाना आहे. तिकडून जाताना सोबतच्यांना या नावाची फोड सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत कंपनी काढली, तिचं नाव 'द केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज'. त्यातले सी, आय, पी आणि लॅबोरेटरीजमधला 'ला'! १९८४ मध्ये हेच सुटसुटीत नाव अधिकृत झालं. औषधाच्या चिठ्ठीवर मावणारं, कुठल्याही भाषेत उच्चारता येणारं.

तरी माझं आवडतं नाव ल्युपिन. देशबंधू गुप्तांनी १९६८ मध्ये आपल्या कंपनीसाठी ते एका फुलझाडावरून घेतलं. हे झाड निकस जमिनीतही रुजतं आणि मुळांवरच्या गाठींतून मातीला नत्र देतं. औषध कंपनीला याहून साजेसं नाव मला तरी सुचत नाही. तुम्हाला?