भुताची गोष्ट आणि ऐकणारा माणूस

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ असं आपण सहज म्हणून टाकतो. भीती त्या माणसाच्या मनात आहे, बाहेर काही नाही, विषय संपला! पण घाबरलेल्या माणसाच्या दृष्टीनं तो संपत नाही. त्याला रात्र काढायची असते आणि मनातलं कुणाला तरी सांगायचं असतं. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, भूतकथांना बहर आला. त्यातल्या काही उत्तम कथा भुताइतक्याच या सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या आहेत. हे ध्यानात ठेवून त्या वाचल्या, तर त्यांची गोडी वाढते.

तो काळ आगगाडीचा, तारायंत्राचा, गॅसच्या दिव्यांचा. मग भुतं कुठून आली? एक कारण साधं आहे. कागदावरचा कर १८६१ साली उठला, छपाई स्वस्त झाली, मासिकं-साप्ताहिकं घरोघरी पोचली. आपल्याकडे दिवाळी अंक, तसे तिकडे नाताळचे खास अंक. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री शेकोटीभोवती बसून घरातल्या एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. चार्ल्स डिकन्सनं १८४३ मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरोल’ लिहून या प्रथेला मोठाच हातभार लावला. दुसरं कारण श्रद्धेचं. अमेरिकेत १८४८ साली फॉक्स भगिनींच्या घरी टकटक ऐकू येऊ लागली आणि मृतांशी बोलण्याचं वेड लवकरच इंग्लंडातही पोचलं. अशा गोष्टींचा पुरावा तपासण्यासाठी १८८२ मध्ये लंडनला विद्वानांनी चक्क एक संस्था काढली. वाचक अर्धा विश्वास ठेवणारा, अर्धा शंकेखोर. लेखकाला याहून चांगला वाचक कुठला मिळणार?

या कथा लिहिण्यात बायकाही आघाडीवर होत्या. एलिझाबेथ गॅस्केल, अमेलिया एडवर्ड्‌स, मार्गारेट ऑलिफंट ही त्यातली ठळक नावं. शार्लट रिडेल यांच्या ‘द अनइनहॅबिटेड हाउस’ (१८७५) या कादंबरीत भुताटकीच्या घरात भाडेकरू टिकत नाहीत आणि थकलेल्या भाड्याचा वाद कोर्टात जातो. भूत खरं की खोटं यापेक्षा भाडं कुणी द्यायचं, हा प्रश्न मोठा!

आता दोन कथा जरा सविस्तर पाहू. जून १८६५ मध्ये डिकन्स ज्या गाडीनं प्रवास करत होता, तिला स्टेपलहर्स्टजवळ अपघात झाला. पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते आणि लाल बावटा दाखवणारा माणूस पुरेशा अंतरावर उभा नव्हता. दहाजण दगावले. डिकन्स स्वतः जखमींना पाणी पाजत फिरला. पुढच्याच वर्षी त्यानं ‘द सिग्नलमन’ लिहिली. खोल दरीसारख्या खोदकामात, बोगद्याच्या तोंडाशी एकटा काम करणारा सिग्नलवाला. त्याला लाल दिव्यापाशी एक आकृती दिसते. ती दिसली की काहीतरी अनर्थ घडतो. दोनदा घडला आहे, आता ती पुन्हा दिसते आहे. पण धोका कुठं, कुणाला, हे काही कळत नाही. वरिष्ठांना तार करावी तर कारण काय द्यायचं? तो हे सगळं एका पाहुण्याला सांगतो. पाहुणा भला आहे. याला चांगल्या डॉक्टरकडे न्यायचं, असं तो मनाशी ठरवतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो येतो, तेव्हा सिग्नलवाला सकाळीच गाडीखाली सापडून गेलेला असतो.

दुसरी कथा डब्लिनच्या शेरिडन ल फानूची, ‘ग्रीन टी’. ती १८६९ मध्ये डिकन्सच्याच साप्ताहिकात आली. रात्र रात्र जागून, हिरवा चहा पीत ग्रंथलेखन करणाऱ्या जेनिंग्ज नावाच्या पाद्र्याला एक काळं माकड दिसू लागतं. प्रवचनाला उभं राहिलं की ते पुस्तकावर येऊन बसतं. पुढं पुढं तर बोलूही लागतं. तो डॉक्टर हेसेलियसला सगळं सांगतो. डॉक्टर बजावतो, माकड परत आलं तर मला लगेच कळव. आणि स्वतः निवांतपणे विचार करायला दूरच्या एका खाणावळीत जाऊन बसतो, पत्ता न ठेवता! तो परततो तेव्हा चिठ्ठी वाट पाहत असते आणि जेनिंग्जनं जीव दिलेला असतो. वर हेसेलियस लिहितो, मी उपचार सुरूच केले नव्हते, त्यामुळे हे माझं अपयश नव्हे. माकडापेक्षा हे वाक्यच अधिक बोचतं.

हा हेसेलियसच गूढ प्रकरणं हाताळणाऱ्या कथा-नायकांचा पूर्वज मानला जातो. पुढं १८९८ मध्ये फ्लॅक्समन लो आला. राणीच्या मृत्यूनंतर, १९०८ मध्ये अल्जर्नन ब्लॅकवुडचा डॉक्टर जॉन सायलेन्स आला. तो रुग्णाकडून फीसुद्धा घेत नाही. माझा आवडता मात्र १९१० मध्ये अवतरलेला, विल्यम होप हॉजसनचा कारनाकी. हा माणूस वेळेवर येतो आणि रात्रभर तिथंच थांबतो. दारांना लाखेची मोहर लावतो, कॅमेरा मांडतो, विजेच्या नळ्यांचा पंचकोन पेटवून त्यात बसतो. कधी भूत खरं निघतं, कधी कुणाचा तरी डाव, तर कधी दोन्ही. आधी ठरवून तो काहीच येत नाही. आधीच्या कथांत ऐकणारा उशिरा पोचतो, ती उणीव या गुप्तहेरानं भरून काढली.

मराठी वाचकाला हे नातं ओळखीचं वाटेल. नारायण धारप (१९२५–२००८) यांचे ‘समर्थ’ याच कुळातले: संकटात सापडलेला माणूस येतो, समर्थ त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि मगच पाऊल उचलतात.

या कथा वाचायच्या तर एका बैठकीत एकच वाचावी, जमल्यास मोठ्यानं, घरच्यांना ऐकवत. सुरुवातीची पानं संथ वाटतील. घर, हवा, दिवा यांची वर्णनं येतील. ती गाळू नयेत, भीती तिथंच मुरत असते. आणि भूत होतं की नव्हतं, याचा निकाल लावायची घाई करू नये. घाबरलेल्या माणसाचं कोण ऐकतं आहे आणि ऐकून काय करतं आहे, तिकडे लक्ष ठेवावं. पुस्तक मिटल्यावर एखाद्या वेळी आपल्या ओळखीचा, रात्री झोप न येणारा कुणीतरी आठवेल. त्याची विचारपूस मात्र दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)