पानाच्या तुकड्यातून पिवळी कड का उतरत नाही

गेल्या लेखांकातील पानाच्या तुकड्यांची पद्धत पूर्वीच करून पाहिलेल्या काही वाचकांनी विचारले आहे, की मूळ स्नेक प्लांटच्या पानांना ठसठशीत पिवळी कड असताना तुकड्यांपासून उगवलेली रोपे निव्वळ हिरवी का निघाली. प्रश्न मुळाशी जाणारा असल्याने कुंडीतील मातीच्या मिश्रणाचा ठरलेला विषय पुढील आठवड्यावर नेणे योग्य ठरेल.

खत, ऊन किंवा पाणी कमी पडल्यामुळे ही कड गेलेली नसते. पश्चिम व मध्य आफ्रिकेतून आलेल्या आणि हल्लीच्या वर्गीकरणात ड्रॅसिना प्रजातीत गणल्या जाणाऱ्या या वनस्पतीचा पिवळ्या कडेचा ‘लॉरेंटाय’ हा प्रकार ‘कायमेरा’ आहे. म्हणजे त्याच्या एकाच देहात आनुवंशिक दृष्ट्या भिन्न अशा दोन पेशीसमूहांचे थर एकत्र वाढत असतात, आणि त्यांपैकी एकाला हरितद्रव्य पुरेसे तयार करता येत नाही. कोंबाच्या टोकाशी असलेल्या वर्धनशील भागात हे थर एकावर एक, हातावर मोजा चढवावा तसे, रचलेले असतात व प्रत्येक नवे पान तीच रचना घेऊन बाहेर पडते. पांढऱ्या कडांच्या जिरेनियमचा अभ्यास करून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्विन बाऊर यांनी १९०९ मध्ये या थररचनेचा उलगडा केला.

पानाच्या तुकड्यात मात्र असा तयार कोंब नसतो. कापलेल्या बुडाशी आधी मुळे फुटतात आणि पुष्कळ अवधीनंतर आतल्या ऊतींमधून आगंतुक मुकुल, म्हणजे नेहमीची जागा सोडून नव्याने घडणारा कोंब, निर्माण होतो. तो आतल्या हिरव्या पेशींपासून घडत असल्यामुळे दोन थरांची मांडणी त्याच्यात येतच नाही. केवळ पिवळ्या ऊतीपासून कोंब निघालाच, तर हरितद्रव्याअभावी तो स्वतंत्रपणे जगू शकत नाही.

पानावरची सगळीच नक्षी अशी निसटत नाही, हा भेद फार मोलाचा आहे. साध्या स्नेक प्लांटचे फिकट आडवे पट्टे पानाच्या तुकड्यातूनही उतरतात, आणि रेक्स बिगोनियाची रुपेरी झाक पानाच्या वरच्या त्वचेखालील हवेच्या पोकळ्यांमुळे दिसत असल्याने तीही टिकते. कारण तेथे सर्व पेशींचा आनुवंशिक वारसा एकच असतो.

पिवळी कड राखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे गड्ड्याची विभागणी. उन्हाळ्याच्या आरंभी झाड कुंडीतून काढून मूलक्षोड, म्हणजे मातीत आडवे वाढणारे जाड खोड, स्वच्छ धारदार सुरीने अशा प्रकारे कापावे, की प्रत्येक भागाला स्वतःची मुळे आणि पानांचा किमान एक पुंजका राहील. काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावा, निचऱ्याच्या मातीत लागवड करावी व माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात कुंडी पावसाळ्यात छपराखाली ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण साचलेल्या ओलीने गड्डा कुजतो. विभागलेल्या झाडातही क्वचित एखादा फुटवा संपूर्ण हिरवा येतो. हरितद्रव्य अधिक असल्याने तो जोमाने वाढून कडेच्या फुटव्यांना मागे टाकतो, म्हणून तो दिसताच मूलक्षोडापासून कापून वेगळ्या कुंडीत लावावा.