इंग्रजीने गमावलेला मामा

भाऊबीजेच्या संध्याकाळी दारात उभा राहतो तो आईचा भाऊ, म्हणजे मुलांचा मामा. त्याला कोणी काका म्हटले तर चार वर्षांचे पोरसुद्धा लगेच चूक दुरुस्त करते. काका, मामा, आत्या, मावशी ही नाती मराठी मुलाला बाराखडीच्या आधी पाठ होतात. पुढे शाळेत हेच मूल शिकते, की इंग्रजीत काका आणि मामा दोघेही अंकल, आत्या आणि मावशी दोघीही आंट. मग इंग्रजीत नात्यांना शब्दच नाहीत, असे आपण ठरवून टाकतो.

पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते शब्द होते. मामाला ‘एआम’ म्हणत, काकाला ‘फॅडेरा’, मावशीला ‘मोद्रिए’ आणि आत्याला ‘फादू’. यातला एकही शब्द आज प्रमाण इंग्रजीत उरलेला नाही. इंग्रजीच्या इतिहासातल्या अशा हरवलेल्या शब्दांचा मागोवा घेताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. शब्द जातो तेव्हा बहुतेक वेळा एक भेद पुसला जातो. काल ज्या दोन गोष्टी वेगळ्या होत्या, त्या उद्या एकच होतात.

एआम कसा गेला

जुन्या जर्मानिक टोळ्यांमध्ये मामाचा मान मोठा होता. बहिणीची मुले मामाला बापाइतकीच प्रिय असतात, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने पहिल्या शतकाच्या अखेरीस नोंदवून ठेवले आहे. ज्यांनी इंग्रजी भाषा ब्रिटनमध्ये आणली ते अँगल आणि सॅक्सन याच टोळ्यांपैकी. ‘बेओवुल्फ’ या ३१८२ ओळींच्या जुन्या महाकाव्याचा नायक पराक्रम गाजवून परततो तो राजा हायगेलॅककडे, आणि हा हायगेलॅक त्याचा सख्खा मामा. ९९१ मध्ये एसेक्समधल्या मॉल्डन इथे व्हायकिंगांशी लढाई झाली. तिच्यावरच्या काव्यात सरदार बिर्टनॉथचा एक तरुण नातलग धारातीर्थी पडतो, आणि कवी आवर्जून सांगतो की तो त्याच्या बहिणीचा मुलगा होता.

१०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन जिंकले आणि दरबार, न्यायालय, मोठ्या घरांचे दिवाणखाने फ्रेंच बोलू लागले. त्या फ्रेंचमधून ‘अंकल’ आणि ‘आंट’ हे शब्द तेराव्या शतकापर्यंत इंग्रजीत उतरले. या शब्दांची मुळे पाहिली तर जीव हळहळतो. ‘अंकल’ आला लॅटिन ‘अवुन्कुलुस’वरून, आणि त्याचा अर्थ फक्त मामा. ‘आंट’ आला ‘अमिता’वरून, आणि त्याचा अर्थ फक्त आत्या. म्हणजे लॅटिनमध्येही चारही नाती नीट वेगळी होती. फ्रेंचपर्यंत येताना मामाच्या शब्दाने काकाला गिळले आणि आत्याच्या शब्दाने मावशीला. तोच गोंधळ मग इंग्रजीने उसना घेतला.

‘एआम’ लगेच मेला नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॉसरने ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ लिहिले. त्यातली क्रिसेड आपल्या मामाला, पँडरसला, ‘एम’ म्हणते. उत्तरेकडच्या बोलींमध्ये हा शब्द पुढेही काही शतके टिकून राहिला, आणि मग तिथूनही गेला. जुन्या इंग्रजीच्या एकूण शब्दांपैकी सुमारे ८५ टक्के शब्द आज वापरात नाहीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढी पडझड होऊनही ही भाषा उभी राहिली, याचे मला आश्चर्य वाटते.

अंड्याची गोष्ट

सगळा दोष फ्रेंचांच्या माथी मारता येणार नाही. व्हायकिंगांची नॉर्स भाषा तर इंग्रजीच्या स्वयंपाकघरात शिरली. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ याला ‘निमन’ हे क्रियापद होते. नॉर्समधून आलेल्या ‘टेक’ने त्याची जागा घेतली. अंड्याचेही तसेच झाले, आणि त्या बदलाचा एक प्रसंग लिहून ठेवलेला आहे.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. १४९० मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की काही व्यापारी टेम्स नदीतून जहाजाने झीलंडला निघाले होते. वारा पडला, जहाज अडकले, म्हणून ते किनाऱ्यावर उतरले. त्यातल्या एकाने एका घरी जाऊन खायला मागितले, त्यातही ‘एग्ज’ मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते; तो इंग्रजीच बोलत होता. शेवटी दुसऱ्या कोणीतरी सांगितले, की याला ‘आयरेन’ हवी आहेत, तेव्हा बाईंना उलगडा झाला. ‘आयरेन’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, ‘एग्ज’ नॉर्समधून आलेला. यातला नेमका कोणता छापावा, असा प्रश्न कॅक्स्टनला पडला होता. पुढे ‘एग्ज’ जिंकला आणि त्या बाईंचा शब्द चुलीपाशीच विझला.

अरे-तुरे

मराठीत आपण ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून माणसाचे नाते, वय आणि मान सांगतो. इंग्रजीतही ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही असा भेद होता. आपल्या ‘अरे-तुरे करणे’सारखे ‘दाऊ करणे’ असे क्रियापदही होते. १६०३ मध्ये विंचेस्टरला सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून हिणवले. ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो अपमान कळला.

त्याच शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर पंथाने उलट वाट धरली. देवापुढे सगळे सारखे, म्हणून राजालाही ‘दाऊ’च म्हणायचे, असा त्यांचा नेम. त्यापायी त्यांनी मारही खाल्ला. पण व्यवहारात लोकांनी धोका टाळला. कोणाला राग येऊ नये म्हणून सगळ्यांनाच ‘यू’ म्हणण्याची सवय पडली आणि अठराव्या शतकापर्यंत प्रमाण इंग्रजीतून ‘दाऊ’ मावळला. तो प्रार्थनेत, जुन्या कवितेत आणि काही बोलींत उरला. अतिआदराने एक सर्वनाम संपले, आणि त्याबरोबर जिवलगाला एकेरी हाक मारण्याची सोयही संपली.

परवा आणि कोवळे ऊन

उद्यानंतरच्या दिवसाला आपण ‘परवा’ म्हणतो. इंग्रजी बोलणाऱ्याला आज त्यासाठी चार शब्दांची मोळी बांधावी लागते. पण १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलमध्ये यासाठी ‘ओव्हरमॉरो’ हा सुटसुटीत शब्द आहे. सात रात्रींचा म्हणजे आठवड्याचा ‘सेनाइट’ जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांपर्यंत चालत होता. आज चौदा रात्रींचा ‘फोर्टनाइट’ तेवढा शिल्लक आहे.

काही शब्द मात्र रुजण्याआधीच सुकले. सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिनमधून शब्दांच्या गाड्या भरून आणल्या. विरोधकांनी त्यांना दौतीतले शब्द म्हटले. १५५३ मध्ये टॉमस विल्सनने अशा शब्दांनी ठासून भरलेले एक पत्रच नमुना म्हणून छापले. त्यातला ‘प्रचंड’ या अर्थाचा ‘इंजेंट’ मेला, पण त्याच पत्रातला ‘सेलिब्रेट’ आज जगभर बोलला जातो. कोणता शब्द जगेल हे विद्वानांना सांगता आले नाही, विरोधकांनाही नाही. जॉन चीकने परक्या शब्दांना देशी पर्याय घडवले. चांद्रवेडासाठीच्या ‘लुनॅटिक’ऐवजी त्याने ‘मून्ड’ लिहिले. तेही कोणी उचलले नाही. भाषाशुद्धीचे प्रयत्न पाहिलेल्या मराठी माणसाला यातली तळमळ सहज कळेल.

१६२३ मध्ये हेन्री कॉकरॅमने आपल्या कोशात ‘अप्रिसिटी’ असा शब्द नोंदवला. अर्थ : हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. थंडीच्या दिवसांत अंगणात पाठ शेकत बसणाऱ्याला या अर्थाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. ढगाळ हवेच्या देशात तर असा शब्द घरोघरी जपला जायला हवा होता. तो कोशाच्या पानातच राहिला.

राहिलेल्या खुणा

शब्द गेला तरी त्याचा एखादा तुकडा दुसऱ्या शब्दात अडकून राहतो. जुन्या इंग्रजीत पुरुषाला ‘वेर’ म्हणत. संस्कृत ‘वीर’ आणि हा ‘वेर’ एकाच मुळाचे. ‘वेर’ गेला, पण पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाच्या ‘वेअरवुल्फ’ या नावात तो अजून आहे. ‘गुमा’ म्हणजेही माणूस. नवरदेवाला ‘ब्रीडगुमा’, वधूचा पुरुष, असे नाव होते. ‘गुमा’ विसरला गेल्यावर लोकांना त्याचा अर्थ लागेना, म्हणून सोळाव्या शतकात त्यांनी त्या जागी ओळखीचा ‘ग्रूम’ बसवला. ‘निमन’ गेला, पण हात बधिर होतो तेव्हा इंग्रजी माणूस ‘नम्’ म्हणतो. त्याचा मूळ अर्थ ‘घेतला गेलेला’. दयेचा ‘रूथ’ हा शब्द वापरातून गेला आणि निर्दयाचा ‘रूथलेस’ मागे राहिला.

धंदे बुडाले आणि आडनावे उरली, हेही तिकडे झाले. बाण करणारा तो फ्लेचर, गाडे करणारा तो वेनराइट, विणकरीण ती वेबस्टर. आपल्याकडे दफ्तरे गेली तरी चिटणीस, पोतनीस राहिले, तसेच हे.

या सगळ्या गेलेल्यांची नोंद ठेवण्याचे मोठे काम ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने केले. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत ही कल्पना निघाली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली तीही त्याच वर्षी. जेम्स मरे १८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि काम पुरे झाले १९२८ मध्ये, मरे यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. हजारो वाचकांनी जुनी पुस्तके वाचून चिठ्ठ्यांवर शब्द उतरवून पाठवले. वापरातून गेलेल्या शब्दापुढे या कोशात कट्यारीची छोटी खूण असते. १९८९ च्या आवृत्तीत असे सुमारे ४७ हजार शब्द होते. एकदा आत घेतलेला शब्द हा कोश काढून टाकत नाही. दासी या अर्थाच्या ‘बाँडमेड’च्या चिठ्ठ्या मात्र गहाळ झाल्या आणि तो शब्द पहिल्या आवृत्तीत सुटला. १९३३ च्या पुरवणीत त्याला त्याची जागा मिळाली.

इंग्रजीचे काही शब्द आपल्या अंगणातही हरवले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘पटीवाला’ हा इंग्रजी शब्द म्हणून नोंदलेला आहे. मुंबईच्या कचेऱ्यांमधला हा आपला पट्टेवालाच. इंग्रजांच्या तोंडून तो गेला. उलट ‘टिफिन’ मूळचा इंग्रजी, घोट घेण्याच्या बोलीतल्या शब्दापासून निघालेला. त्याच्या मायदेशी तो आता फारसा ऐकू येत नाही, पण मुंबईत त्याच्यावाचून दुपार होत नाही.

लिफ्टमधला अंकल

शब्दांची ही गळती जुन्या काळातच थांबली असे नाही. ऑक्सफर्डच्या मुलांसाठीच्या छोट्या कोशाच्या २००७ च्या आवृत्तीतून ओकच्या फळाचा ‘एकॉर्न’, खंड्या पक्ष्याचा ‘किंगफिशर’, ‘ब्लूबेल’ फूल असे शब्द वगळले गेले आणि ‘ब्लॉग’, ‘ब्रॉडबँड’ आत आले. २०१५ मध्ये मार्गारेट अॅटवूडसह अनेक लेखकांनी पत्र लिहून निषेध केला. २०१७ मध्ये रॉबर्ट मॅकफार्लेन आणि चित्रकार जॅकी मॉरिस यांनी याच शब्दांवर ‘द लॉस्ट वर्ड्स’ हे देखणे पुस्तक काढले. ते शाळाशाळांत पोचावे म्हणून लोकांनी वर्गणी काढली. शब्द वाचवता येतात, हे त्या वर्गणीने दाखवून दिले.

आता आपल्याकडे पाहू. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, रिक्षात, लग्नाच्या मांडवात मुले आज प्रत्येक मोठ्या माणसाला ‘अंकल’ म्हणतात. अनोळखी माणसाला म्हणतात ते समजू शकते. पण हा शब्द आता उंबरठा ओलांडून घरात आला आहे, आणि सख्ख्या नात्यांवरही बसू लागला आहे. हा तोच शब्द आहे. सातशे वर्षांपूर्वी याने इंग्रजीतला ‘एआम’ आणि ‘फॅडेरा’ एकत्र केले. तेव्हा कोणी बंदी घातली नव्हती, कोणी जबरदस्ती केली नव्हती. मोठ्या घरात तसे म्हणतात, म्हणून लहान घरांनी तसे म्हटले, एवढेच झाले.

इंग्रजांना त्यांचा मामा आता परत मिळणार नाही. आपला अजून आहे. यंदा भाऊबीजेला तो दारात आला, की मुलांना त्याला मामा म्हणूनच हाक मारायला सांगा.