बॅटरी आधी बसते

केंद्रात १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग निघाला, त्याच दशकात आपल्याकडे महाऊर्जा ही राज्याची संस्था सुरू झाली आणि पुढे वाड्यापाड्यांवर अनुदानाचे सौर कंदील दिसू लागले. सूर्याची वीज हातात धरून हिंडवायची, ही कल्पना बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिली ती या कंदिलात. त्याची घडण ठरलेली होती: १० वॉटचं पॅनेल, ७ वॉटचा सीएफएल आणि तळाशी १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची सीलबंद शिशाची बॅटरी. रात्री तीन-चार तास उजेड पडावा एवढाच हिशेब. सुरुवातीला तो नीट जमायचा. मग कौलांवर पॅनेल धडधाकट, दिवा शाबूत आणि बॅटरी बसलेली, असं चित्र घरोघर दिसू लागलं.

दोष कारागिरीचा कमी, पावसाळ्याचा जास्त. शिशाची बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि तो घट्ट झाला की निघत नाही. आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे आभाळ फाकत नाही आणि दिवा मात्र रोज लागतो. म्हणजे बॅटरी रोज थोडी उपाशी. असे दोन-तीन पावसाळे तिने काढले तरी पुष्कळ.

पण त्या बॅटरीचा एक गुण तेव्हा कोणी मोजला नाही. संगणकाच्या यूपीएसमध्ये बसते तीच ती बॅटरी, त्यामुळे तालुक्याच्या दुकानात मिळायची. चार स्क्रू काढायचे, दोन वायरी जोडायच्या, झालं. जुनीला भंगारवाला पैसे द्यायचा, कारण आत शिसं होतं.

मग भारनियमनाची वर्षं आली. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात खेड्यांतून दहा-बारा तास वीज नसणं अंगवळणी पडलं. ज्यांना परवडलं त्यांनी इन्व्हर्टर घेतला. दीडशे ॲम्पिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास आणि वजन पन्नास-साठ किलो. ती एकदा कोपऱ्यात बसली की बसली. तिला पाणी घालणारा माणूस गावात होता, आणि हे मला आज फार महत्त्वाचं वाटतं.

लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्येच बाजारात आणली होती, पण ती आपल्या घरात शिरली मोबाईलमधून. एलईडी स्वस्त झाला तसा कंदीलही हलका झाला. आयआयटी मुंबईच्या दहा लाख सौर दिव्यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या शाळकरी मुलांपर्यंत अभ्यासाचे दिवे नेले, तेही स्थानिक माणसांना जोडणी आणि दुरुस्ती शिकवून. ही वाट बरोबर होती. बाजार मात्र दुसऱ्या वाटेने गेला: सगळं एका पेटीत, पेटीला मूठ, पुढे यूएसबीची भोकं, मागे पंखा, आणि झाकण उघडलंत तर वॉरंटी संपली.

या पेटीची खरी परीक्षा कोकणात झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. मोबाईलचे मनोरे बंद, विहिरीवरचे पंप बंद. सौर पेटी याच प्रसंगासाठी म्हणून विकली जाते. पण तारीख पाहा. वादळामागोमाग मोसमी पाऊस. स्वच्छ उन्हात १०० वॉटचं घडीचं पॅनेल दिवसाला साधारण ४०० वॉट-तास देईल, ते दाट ढगांखाली त्याच्या दहा-वीस टक्क्यांवर येतं. म्हणजे ५०० वॉट-तासांची पेटी रिकामी झाली की ती भरायला आठवडा लागू शकतो, आणि तोही मधे काही वापरलं नाही तर. कोकणात वीज जाते ती वादळात आणि पावसात. वीज नसते तेव्हाच ऊन नसतं, ही या यंत्राची मूळ गोची आहे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं, तेव्हाही आभाळ तसंच होतं.

बरं, उन्हाळ्यात तरी? पॅनेलवर लिहिलेले वॉट हे २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात ब्रह्मपुरीत किंवा चंद्रपुरात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा पॅनेलचा पृष्ठभाग साठ-पासष्ट अंशांवर जातो. दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के या दराने पंधराएक टक्के वीज तिथेच गेली. शिवाय सोयीसाठी पेटी पॅनेलशेजारी उन्हातच ठेवली जाते, आणि बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज घेणं थांबवतात. भर उन्हात सौर पेटी बंद, हा विनोद विदर्भात करता येतो.

छोट्या भावंडाची, म्हणजे पाठीवर पॅनेल असलेल्या पॉवर बँकेची, गोष्ट तर सरळ फसवणुकीच्या जवळ जाते. पालखीच्या वाटेवर आणि गडांच्या पायथ्याला पिशवीला अडकवलेल्या या बँका आता पुष्कळ दिसतात. वर लिहिलेलं असतं २०,००० एमएएच. ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप, म्हणजे ७४ वॉट-तास. फोनला ५ व्होल्टने देताना त्या एमएएचपैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास हाती लागतात. आणि तळहाताएवढ्या दीड वॉटच्या पॅनेलने ती पूर्ण भरायला कडक उन्हाचे दहा-बारा दिवस हवेत. आषाढात, चालत्या पिशवीवर, तिरप्या कोनात किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. भिंतीच्या प्लगवरच ती भरली जाते. पॅनेल केवळ शोभेला. त्यातून ती उन्हात ठेवायची म्हणजे सेललाच भाजायचं, आणि उष्णतेइतकं लिथियमचं आयुष्य दुसरं काही खात नाही.

मोठ्या पेट्यांची जाहिरात मिक्सर, फ्रिज, टीव्ही दाखवते. ३०० वॉटच्या पेटीवर खोबऱ्याचं वाटण करायला जा, ७५० वॉटचा मिक्सर तिला लगेच आडवी करतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. पेटी तिथेच ट्रिप होते. साधा ७५ वॉटचा छताचा पंखा ५०० वॉट-तासांवर साडेपाच-सहा तास चालतो, कारण डीसीचा एसी करताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा घेतला तर रात्र निघते. दिवे, फोन, वायफायचा राउटर, एखादा पंखा: यापलीकडे अपेक्षा ठेवू नये. याच कामाला पेटी खरोखर छान आहे, हेही सांगितलं पाहिजे. तिला धूर नाही, आवाज जवळजवळ नाही, आणि जनरेटर घरात लावता येत नाही.

आगीचा धोका वाढवून सांगितला जातो, पण तो आहे. बिघडलेला लिथियम सेल स्वतःच्या उष्णतेने पेटत जातो आणि शेजारच्यांना पेटवतो. लिथियम आयर्न फॉस्फेट त्या मानाने शांत, म्हणून चांगल्या पेट्यांत आता तेच असतं. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी हातसामानात चालते, १६० पर्यंत कंपनीच्या परवानगीने, त्यावर नाही. म्हणजे जिला 'पोर्टेबल' म्हणून विकतात ती पेटी विमानाने गावी नेता येत नाही.

आणि पुन्हा बॅटरी बसते. आता ती सात-आठ वर्षांनी बसेल, किंवा माळ्यावर रिकामी ठेवून विसरल्यामुळे वर्षाच्या आतही बसेल. फरक पुढे आहे. सेल वेल्डिंग करून जोडलेले, त्यांवर प्रत्येक कंपनीचा वेगळा सर्किट बोर्ड, आणि नवा संच सुटा मिळत नाही. तालुक्याचा बॅटरीवाला हात लावत नाही. भंगारवाला नुसती उचलून पाहतो. शिसं नाही, म्हणून भाव नाही. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण ती मंडणगडातल्या घरापर्यंत कशी पोचायची, याचा रस्ता अजून घातलेला नाही. चाळीस वर्षांत पॅनेल स्वस्त झालं, बॅटरी हलकी झाली, आणि दुरुस्ती मात्र गावातून निघून गेली. माझ्या मते तोट्यांत हा सर्वांत मोठा.

तेव्हा पेटी घेताना एमएएच विचारू नका, वॉट-तास विचारा. आत कोणत्या जातीचे सेल आहेत ते विचारा. आणि पाच वर्षांनी हिची बॅटरी कोण बदलून देणार, हे दुकानदाराकडून नावपत्त्यासह बिलावर लिहून घ्या. तो टाळाटाळ करू लागला, तर तेवढ्याच पैशांत साधा इन्व्हर्टर आणि छपरावर एक पक्कं पॅनेल बसवा.